वाढत्या अंगाची कार सीट घेऊ का? तीन सीट, शिलाईची टेप आणि पट्टा कुठल्या भोकात

धाकट्या जावेला सातवा लागलाय. गेल्या आठवड्यात तिनं मोबाईलवर एकदम तीन कार सीटचे फोटो पाठवले आणि खाली एवढंच, अक्का यातली कुठली घेऊ. तिन्हींचे रंग वेगळे, किमती वेगळ्या, आणि तिन्हींवर ठळक लिहिलेलं, जन्मापासून चालते. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण दीड वर्षापूर्वी मी पण अशीच फोटो बघून, कुशन दाबून बघून, चहाचा कप ठेवायला जागा आहे का बघून सीट घेतली आणि पोरीचे पट्टे तीन महिने चुकीच्या भोकात लावून फिरले. बेळगाव-निपाणी, निपाणी-बेळगाव, महिन्यातनं दोनदा, तवंदी घाटातनं. आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

झालं असं की सीटच्या पाठीला खांद्याचे पट्टे ओवायला खाली-वर तीन भोकं असतात, दुकानात सीट दाखवणाऱ्या पोरानं पट्टे मधल्या भोकात घालून दिले आणि म्हणाला, वहिनी, वाढत्या अंगाचं असू दे की, सारखं काढा-घाला कोण करत बसणार. मला ते इतकं पटलं की विचारू नका, आपल्याकडं झबल्यापासून शाळेच्या युनिफॉर्मपर्यंत सगळं वाढत्या अंगाचंच घेतात ना. पुढं ऑक्टोबरात पोरगी तीन महिन्यांची झाल्यावर डोस द्यायला गेलो, गाडीत नंबरची वाट बघत बसले होते, हातात काही नाही म्हणून सीटबरोबर आलेली पुस्तिका उघडली. त्यात दोन चित्रं शेजारी शेजारी, एकात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं आणि पट्टा खांद्याच्या खालनं निघालेला, दुसऱ्यात तोंड पुढं आणि पट्टा खांद्याच्या वरनं. पहिल्या चित्रात वरनं निघालेल्या पट्ट्यावर मोठी फुली. मी मागं वळून पोरीच्या खांद्यावर बोट ठेवलं, मग पट्टा जिथनं बाहेर येतो तिथं बोट ठेवलं, मधे माझी दोन बोटं आरामात मावत होती. म्हणजे फुलीवालं चित्र माझ्याच गाडीत.

तर जावेसाठी लिहायला घेतलेलं हे आहे, पण इकडं अजून बऱ्याच जणी याच विचारात असतील म्हणून जरा सविस्तर लिहिते. फक्त पहिल्या दोन-अडीच वर्षांचं, म्हणजे बाळ मागं तोंड करून बसतं तेवढंच. तीन प्रकारच्या सीट मी हाताळल्यात, तिन्ही आमच्या शहापूरच्या घरात सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, एका रांगेत ठेवून मोजल्यात, ते पुढं येईलच.

आधी हे खाली-वर प्रकरण काय आहे ते, कारण ते डोक्यात बसलं की सीट निवडणं अर्धं सोपं होतं. बाळाचं तोंड मागं असतं तेव्हा समोरनं धडक बसली की गाडी थांबते आणि बाळ मात्र पुढं जात राहतं, म्हणजे त्याची पाठ सीटच्या कवचात दाबली जाते. हे चांगलंच, डोकं मान पाठ सगळ्यावर एकसारखा भार येतो, नुसत्या मानेवर झटका येत नाही, म्हणूनच तर मागं तोंड करून बसवायचं. पण ते कवच काही सरळ उभं नसतं, तिरकं असतं, त्यामुळं बाळ दाबलं जाता जाता त्या उतारावरनं वर, डोक्याच्या दिशेनं पण सरकायला बघतं. सुपात तांदूळ घेऊन झटका दिला की दाणे कसे सुपाच्या चढावर सरकतात, तसंच. आता पट्टा जर खांद्याच्या बरोबरीला किंवा थोडा खालनं निघून खांद्यावरनं छातीवर आला असेल तर तो पहिल्या क्षणापासनं खांदा धरून ठेवतो, वर जाऊ देत नाही. पण पट्ट्याचं भोक खांद्याच्या वर असेल तर मधे जेवढी फट तेवढं बाळ वर सरकणार आणि मगच पट्टा कामाला लागणार. माझ्या पोरीच्या बाबतीत दोन बोटं. आणि वर सरकलं म्हणजे डोकं कवचाच्या काठाच्या जवळ किंवा बाहेर.

तोंड पुढं केलं की सगळं उलटं. तेव्हा बाळ पट्ट्यांवर पुढं लोंबकळतं, पट्टा खांद्याच्या खालनं आला असेल तर तो खांद्याला खाली ओढतो, मणका दाबला जातो आणि डोकं पण जास्त पुढं जातं, म्हणून तिथं खांद्याच्या बरोबरीला किंवा वर. बऱ्याच जणी इथंच गोंधळतात, कारण कुणीतरी मोठ्या पोराच्या सीटचा नियम सांगितलेला असतो आणि तो तान्ह्याला लावला जातो. तुमच्या सीटच्या पुस्तिकेत कंपनीनं काही वेगळं माप दिलं असेल तर पुस्तिकाच खरी, माझं नको.

आता सोप्यातली गोष्ट. गौरी-गणपतीला वन्सं बेंगळूरहून आल्या, त्यांचा मुलगा पाच महिन्यांचा. माझी बहीण निपाणीहून आरतीला आली, तिचं दोन महिन्यांचं. माझी चौदा महिन्यांची. तिन्ही गाड्यांमधल्या तिन्ही सीट वेगळ्या प्रकारच्या, हे माझ्या लक्षात आल्यावर मी जेवणं झाल्या झाल्या तिन्ही काढायला लावल्या. आमचे हे म्हणाले, गणपती बघायला आलेत लोक, तू सीटचं प्रदर्शन भरवूलालीस. आत्या (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) नुसत्या बघत होत्या. मग शिलाईची टेप आणली आणि सीटच्या बुडापासनं, म्हणजे ढुंगण टेकतं तिथनं, पाठीला लागून वर भोकाच्या खालच्या काठापर्यंत मोजलं, आतली छोटी गादी घालून एकदा आणि काढून एकदा.

पहिली बहिणीची, बादलीसारखी, वर कडी असलेली, बाळासकट उचलून नेता येते ती. ही फक्त मागं तोंड करूनच बसवायची, १३ किलोपर्यंत. हिचं सगळ्यात खालचं भोक गादी घालून १५ सेंटीमीटर निघालं. दुसरी माझी, एकच सीट आधी मागं तोंड मग पुढं तोंड, १८ किलोपर्यंत चालणारी, पट्टे हातानं एका भोकातनं काढून दुसऱ्यात ओवायचे. हिला तीन भोकं, २१, २६ आणि ३२, गादी घातली की बूड वर येतं म्हणून प्रत्येकी दोनेक कमी धरा. तिसरी वन्संची, दिसायला माझ्यासारखीच पण पट्टे हेडरेस्टला जोडलेले, हेडरेस्ट वर-खाली केलं की पट्टे आपोआप वर-खाली. सगळ्यात खाली आणून गादी घालून १७ भरलं, आणि प्रत्येक टप्पा साधारण दोन सेंटीमीटरचा.

मग पोरांना चटईवर आडवं करून ढुंगणापासनं खांद्यापर्यंत मोजलं. बहिणीचं दोन महिन्यांचं साडेएकोणीस. माझ्या बाळंतपणाच्या वहीत मी मुलीचं माप ऑक्टोबरात लिहून ठेवलेलं, तेव्हा २१, आणि त्याच्या आधी कधीतरी आईनं झबली शिवायला घेतलं होतं पंधरा दिवसांची असताना, १७. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. पंधरा दिवसांची १७ आणि माझ्या सीटचं सगळ्यात खालचं भोक गादी घालून १९. म्हणजे दुकानातल्या पोरानं पट्टे मधल्या भोकात घातले ही चूक होतीच, पण खालच्या भोकात घातले असते तरी पहिला महिना ती सीट माझ्या पोरीला बसलीच नसती. डब्यावर मात्र जन्मापासून. ते जन्मापासून नुसतं वजनाच्या हिशोबानं लिहिलेलं असतं, खांदा कुठं येतो ते तुम्हीच बघायचं. इकडं अडीच-पावणेतीन किलोची बाळं काही नवीन नाहीत, तेव्हा छोट्या अंगाचं बाळ होणार असं वाटत असेल तर हे पहिलं बघा, रंग नंतर.

बादलीवाली सीट इथं सरळ जिंकते. पंधरावर पट्टा येतो म्हणजे बारक्यातलं बारकं बाळ पण नीट धरलं जातं, कवच खोल असतं, मान वाकडी होत नाही. बहिणीचं पोर झोपलेलं असताना सीटसकट उचलून सोप्यात आणलं, कुणाला जाग नाही काही नाही, मला हेवाच वाटला. पण तिचे तोटे पण आहेत. एक तर साधारण वर्षभरात उंची संपते, वजनाचे १३ किलो भरायच्या किती तरी आधी, म्हणजे मग दुसरी सीट घ्यायचीच. बाळाचं डोकं कवचाच्या वरच्या काठापासनं इंचभर तरी खाली पाहिजे, तेवढं उरलं नाही की सीट संपली. पाय बाहेर आले, मागच्या गादीला टेकले, दुमडले, तर काही होत नाही, पोरं मांडी घालून बसतात, पायांवरनं कधीच ठरवू नका. दुसरं म्हणजे हातात कडी आली की माणूस ती सीट घरात पण पाळण्यासारखी वापरायला लागतो, तासन् तास बाळ त्यातच, हनुवटी छातीला टेकलेली. ते बरोबर नाही, गाडीतनं उतरलं की बाळ बाहेर. आणि टेबलावर, कट्ट्यावर तर ठेवूच नका, बाळ हललं तरी ती पुढं सरकते.

बादलीवाल्यात अजून एक बघायचं. काही स्वस्तातल्यांना तीनच पट्टे असतात, दोन खांद्यावरनं आणि एक मांड्यांमधनं. पाचवाल्यात कमरेच्या दोन्ही बाजूनं पण पट्टे येतात, त्यामुळं भार खांदा आणि कंबर दोन्हीवर वाटला जातो. पैशात फार फरक नसेल तर पाचवालीच घ्या, इथं मी तडजोड करणार नाही.

आता माझी, हातानं ओवायची. हिला मी शिव्या देत असले तरी हिशोबानं बघितलं तर ती वाईट नाही, स्वस्त असते, आत मोडण्यासारखं काही नसतं, आणि एकदा पट्टा ओवला की तो ओवलेलाच, कुठं सरकत नाही. पण ओवणं हे काम आहे ओ. सीट गाडीतनं बाहेर काढायची, उलटी करायची, मागं एक लोखंडी पट्टी असते तिला दोन्ही पट्ट्यांची टोकं अडकवलेली असतात ती सोडवायची, पट्टा पुढच्या बाजूनं ओढून काढायचा, कापडाच्या भोकातनं आणि आतल्या प्लास्टिकच्या भोकातनं, दोन्हीतनं एकाच पातळीवर परत घालायचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कापडाच्या खालच्या भोकातनं आणि प्लास्टिकच्या मधल्या भोकातनं ओवलं, पुढनं बघितलं तर एकदम बरोबर दिसतंय, मागनं बघितलं तर नाही. दुसऱ्यांदा एक पट्टा खालच्यात आणि एक मधल्यात. तिसऱ्यांदा सगळं बरोबर पण पट्ट्याला पीळ पडलेला, लाडू-चिवड्याच्या पिशवीच्या बंदासारखा. पिळलेला पट्टा म्हणजे रुंदीची नुसती दोरी होते, अंगात रुततो. शेवटी टोकं त्या लोखंडी पट्टीत पूर्ण आत गेलीत का ते ओढून ओढून बघितलं. एकूण पाऊण तास.

तर ज्याला हे दर पाच-सहा महिन्यांनी करायचा कंटाळा येणार नाही त्यानं ही घ्यावी. ज्याला येणार त्यानं खरं बोलावं. कारण कंटाळा आला की आपण वाढत्या अंगाचं म्हणून आधीच वरच्या भोकात टाकणार, आणि मागं तोंड असताना तीच चूक. भोकांमधलं अंतर पाच-सहा सेंटीमीटर असल्यानं मधे कधीच बरोबर खांद्याला येत नाही, कायम थोडं खालीच ठेवावं लागतं. खाली चालतं, वर नाही. खांद्याच्या खालचं सगळ्यात जवळचं भोक कुठलं, ते घ्यायचं. पोरीचा खांदा २६ च्या वर गेला तेव्हाच मी मधल्या भोकात आले, त्याच्या आधी एक दिवस नाही. तेव्हा पट्टा खांद्याच्या चांगलाच खाली होता म्हणून आत्या म्हणायच्या खांदे दाबूलालेत तिचे. बघितलं, लाल वगैरे काही नव्हतं.

वन्संची हेडरेस्टवाली. वापरायला सगळ्यात सोपी, मान्य. हेडरेस्टच्या मागची कळ दाबायची, वर-खाली करायचं, झालं, गाडीतनं काढायची पण गरज नाही, आणि दोन-दोन सेंटीमीटरनं सरकते म्हणून पट्टा खांद्याच्या अगदी लगत आणता येतो. पण त्या सोपेपणातच एक खोच आहे. पट्टा हेडरेस्टच्या कापडात लपलेला असतो, भोक दिसतच नाही, त्यामुळं माणूस हेडरेस्ट डोक्याला कुठं छान दिसतंय ते बघून ठेवतो. वन्संच्या मुलाचं तसंच होतं, डोक्याभोवती हेडरेस्ट एकदम मापात, फोटो काढावा असं, आणि कापड बाजूला करून बोट घातलं तर पट्टा खांद्याच्या बोटभर वर. त्यांना सांगितल्यावर आधी जरा राग आला, इतकी महाग सीट आहे, कंपनी बघितली नसेल का. मग स्वतःच बोट घालून बघितलं आणि एक टप्पा खाली केलं. हेडरेस्टवालीला हा नियम लावा, डोकं बघू नका, खांदा बघा, आणि डोळ्यानं नाही, बोटानं. तिचा दुसरा तोटा वजन. आयसोफिक्सचा (सीटबेल्टऐवजी गाडीतल्या लोखंडी कड्यांना सीट थेट अडकवायची सोय) बेस वगैरे असेल तर ती जडच जड, दोन गाड्यांत फिरवायची असेल तर कमरेची वाट लागते. आणि काहींमधे हेडरेस्ट अगदी खाली आणलं की ते तान्ह्या बाळाचं डोकं पुढं ढकलतं, हनुवटी छातीवर येते, ते दुकानात बाळ नसताना कळत नाही. बहिणीच्या पोराला त्यात झोपवून बघितलं, त्याला नाही झालं तसं, पण बघायला पाहिजे.

वन्संची चुलत जाऊ अमेरिकेत असते, ती म्हणे इकडनंच पाठवते सीट, तिकडं पट्ट्यांना छातीवर एक क्लिप असते ती भारी. असते खरी, ती काखेच्या रेषेत लावायची, पोटावर नाही, पट्टे खांद्यावर सरळ राहावेत म्हणून. आपल्याकडच्या सीट युरोपच्या धर्तीवर असतात, त्यांना बहुतेक ती क्लिप नसतेच, नसली म्हणून काही अडत नाही आणि बाहेरनं सुटी क्लिप आणून तर लावूच नये. पण तिकडची सीट आणायच्या आधी हे बघा की तिकडच्या गाड्यांचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की लॉक होतो, आपल्या बऱ्याच गाड्यांचा तसा होत नाही, मग सीट ढिली बसते. पट्टा बाळाला कितीही नीट लावा, सीटच गाडीत हलत असेल तर काय उपयोग. बेल्ट जातो तिथं धरून हलवली तर इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये.

हाच मुद्दा जावेच्या बाबतीत महत्त्वाचा आहे कारण दिरांची गाडी जुनी, तिला आयसोफिक्स नाही, सगळं सीटबेल्टवर. मागं तोंड असताना बेल्ट कुठनं न्यायचा त्याची खूण बहुतेक सीटवर निळ्या रंगाची असते, पुढं तोंड असेल तर लाल. आणि बादलीवाल्या सीटला बेल्ट मांडीवरनं आणि मग पाठीमागनं असा पूर्ण फिरवून घ्यावा लागतो, त्यात काही गाड्यांचा बेल्ट लांबीला पुरतच नाही. बहिणीच्या सीटला आमच्या मागच्या सीटवर चार बोटं कमी पडला. म्हणून दुकानातनं थेट बिल करू नका, आधी गाडीत बसवून बघू म्हणा, देत नसतील तर दुसरं दुकान. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर तिथं मागं तोंड करून बाळ कधीच नाही, एअरबॅग उघडली की ती थेट सीटच्या पाठीवर आदळते.

पट्टा किती घट्ट, यावर घरोघरी भांडणं आहेत. पट्टे बरोबर भोकात असून ढिले असतील तर भोकाचा काही उपयोग नाही, फट ती फटच. पुढच्या बाजूनं जो एकच पट्टा ओढायचा असतो तो ओढल्यावर, बाळाच्या गळ्याखालच्या हाडापाशी पट्ट्याला चिमटीत धरून बघायचं. चिमटीत घडी आली तर अजून ढिला. बोटं घसरली, घडी आली नाही, की झालं. आधी मांडीवरचे पट्टे ओढून घट्ट करा, मग खांद्यावरचे, नाहीतर सगळा ढिलेपणा कमरेपाशी लपून राहतो आणि वर चिमटा बरोबर येतो.

इथं आत्यांचा आणि माझा वाद झाला. डिसेंबरात आम्ही कोल्हापूरला निघालो, सकाळी सहाला, बेळगावची थंडी तुम्हाला माहितीये. आत्यांनी पोरीला लोकरी स्वेटर, वर कुंची, वर दुपट्यात गुंडाळलेलं. मी पट्टे लावायला गेले तर पाय दुपट्यात, मधला पट्टा कुठनं घालणार. मी काढायला लागले तर म्हणाल्या, पोरगं किती रडूलालंय बघ की, मांडीवर दे इकडं, आमची चार पोरं मांडीवरच वाढली. मी त्यांना एक प्रयोग दाखवला, तो तुम्ही पण करा. जाड स्वेटर घालून पट्टे चिमटीत येणार नाहीत इतके घट्ट केले. मग पट्टे सैल न करता, बकल सोडून, स्वेटर काढून, परत तेच बकल लावलं. पट्ट्याखाली माझा अख्खा हात गेला. धडकेत स्वेटर असाच चपटा होणार. आता आमचं ठरलंय, अंगात साधा पूर्ण बाह्यांचा झबला, पट्टे, आणि मग वरनं दुपटं किंवा आत्यांची वाकळ, कुंची असू दे डोक्यावर पण पट्ट्याच्या वर.

मांडीचं म्हणाल तर हिशोब करून सांगते. ताशी ५० नं गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली तर अंगावर वजनाच्या वीस पट ओढ येते. पाच किलोचं बाळ म्हणजे शंभर किलोचं पोतं. गूळ-साखरेच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागं लाईट नसताना रस्त्यावर असतात, ते इकडच्या कुणाला सांगायला नको. आत्या त्यावर काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी स्वतःच म्हणाल्या, पट्टे बघितलास काय.

कायद्याचं एका ओळीत. २०१९ च्या दुरुस्तीपासनं मोटर वाहन कायद्याच्या १९४ ब मधे १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बाळाच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. कोगनोळी नाक्यावर कुणी विचारतं का हा प्रश्न मला विचारू नका.

मागं तोंड किती दिवस, हे सीट निवडताना बघायचंच, कारण पट्टा खाली ठेवायचा काळ तेवढाच. आपल्याकडच्या बऱ्याच सीटवर लिहिलेलं असतं, मागं तोंड १३ किलोपर्यंत, पुढं तोंड ९ किलोपासून. ही मधली ९ ते १३ ची जागा फसवी आहे. पोर वर्षाचं होतं, नऊ किलो भरतं, आणि लोक लगेच वळवतात, पाय दुमडतात हो बिचाऱ्याचे म्हणून. वळवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ पासनं वयाची अट काढून टाकलीये, सीटची मागं तोंडाची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवा म्हणतात. युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिने तर सक्तीचेच आहेत. स्वीडनमधे चार वर्षांची पोरं मागं तोंड करून बसतात. माझी आता सोळा महिन्यांची आहे आणि मागच्या काचेतनं ट्रक मोजते, तिला काही वाटत नाही. आणि ज्या दिवशी वळवाल त्याच दिवशी पट्टे पण वर घ्यायचे, हे विसरतात लोक, सीट वळते आणि पट्टे खालीच राहतात.

जुनी सीट कुणाकडनं घ्यायची असेल तर अपघातातली नाही ना, हे घरातल्याच माणसाकडनं घेत असाल तरच खरं कळतं. पट्टे मशीनमधे धुतलेले नकोत, पावडरनं ताकद कमी होते, ओल्या फडक्यानं पुसतात ते. आतली गादी त्याच सीटची असावी, बाजारातली मऊ उशी आणून खाली घालू नका, बूड वर येतं खरं आणि खांदा भोकापर्यंत पोचतो खरं, पण ती उशी पण स्वेटरसारखीच चपटी होणार. मी ही शक्कल काढणार होते, म्हणून सांगते. आपल्याकडं कन्नडमधे म्हणतात ना स्वल्प ॲडजस्ट माडी, बसमधे ठीक आहे ते.

तर जावेला मी काय सांगितलं. तिला डॉक्टरांनी बाळ जरा बारीक आहे म्हणून सांगितलंय, माहेर चंदगडला, म्हणजे बाळंतपणानंतर महिन्याभरात गाडीतनं यायचं आहेच. पहिलं, बहिणीची बादलीवाली तोपर्यंत मोकळी होणार नाही, तिचं पोर अजून त्यातच असेल, नाहीतर मी तीच आणून दिली असती आणि विषय संपला असता. दोन सीट घ्यायची ऐपत असेल तर आधी बादलीवाली पाच पट्ट्यांची आणि नंतर मोठी. एकच घ्यायची असेल, आणि तिला एकच घ्यायचीये, तर हेडरेस्टवाली, पण ती जिचं हेडरेस्ट अगदी खाली आणून गादी घालून सोळा-सतराच्या आत येतं तीच, आणि दिरांच्या गाडीत बेल्टनं घट्ट बसते तीच. तिनं पाठवलेल्या तिघींत एक हातानं ओवायची होती, सगळ्यात स्वस्त, ती मी नको म्हटलं. सीट वाईट म्हणून नाही, दीर ओवणार नाहीत म्हणून. मी ओळखते त्यांना.

काल ती दुकानात जाऊन आली. टेप माझीच नेली होती, ती पिवळी, झबल्याची. पहिली १९ भरली, दुकानदार म्हणाला बाळ लगेच वाढतं हो ताई. ती म्हणाली, मग लगेच वाढल्यावर येते. दुसरी साडेसोळा, ती पटली, पण गाडीत बसवताना बेल्टचं बकल प्लास्टिकच्या कडेवर आडवं यायला लागलं, म्हणून मागच्या सीटच्या दुसऱ्या बाजूला बसवून बघितली तर बसली. रविवारी आणतायत. टेप अजून तिच्याकडंच आहे.